बेचाळीस दगडांचं वळण

वळसंगात दाक्षायणीअक्काचा विषय निघाला की माणसं आधी मागं वळून बघतात, मग बोलतात. बाई कुणाला मारत नाही, शिव्याही देत नाही. पण तिच्याविषयी काही बोललेलं तिच्या कानावर गेलं, तर ती ते जपून ठेवते आणि बरोबर दोन वर्षांनी, एखाद्या लग्नाच्या पंगतीत, पानात आमटी पडत असताना ज्याचं त्याला परत करते. एकसष्ट वय, पाठ ताठ, कपाळाला विभूती, कमरेला पानाची चंची. वाटेत समोर आली तर आपण बाजूला व्हायचं, हे ठरलेलं.

धोंडप्पाला हे सगळ्यांत जास्त ठाऊक. कारण चव्वेचाळीस वर्षांपूर्वी तो तिला बघायला गेला होता. पोरगी फार उंच म्हणून आम्हीच नकार कळवला, असं धोंडप्पाच्या घरची माणसं अजून सांगतात. अक्काच्या माहेरचं म्हणणं वेगळं. पाहुणे बसल्यापासून तिसऱ्यांदा भांग पाडतायत, असल्या माणसाच्या घरी आरशाला फुरसत मिळायची नाही, असा निरोप पोरीनंच आतून धाडला म्हणे. खरं काय ते त्या दोघांना आणि त्या कंगव्याला ठाऊक. आता धोंडप्पाच्या डोक्यावर भांग पाडण्याजोगं काही उरलेलं नाही, त्यामुळं पुरावाही गेला.

गंमत पुढंच आहे. त्याच साली तिचं लग्न झालं ते वळसंगातच, आणि सासरचं रान निघालं धोंडप्पाच्या रानाला लागून. मधे फक्त ओढा. पहिल्या दिवशी बांधावर समोरासमोर गाठ पडली तेव्हा ती त्याला "काय पावनं, बरं हाय का?" म्हणाली. तेव्हापासून आजतागायत ती त्याला पावनंच म्हणते. तो पाणी समितीचा अध्यक्ष झाला, नातवंडांचा आजोबा झाला, तरी पावनंच.

आता तो ओढा. माळावरून खाली येतो आणि दाक्षायणीच्या रानाला कोपर वाकवल्यासारखा वळसा घालून पुढं नदीला जातो. वळणावर पाणी बाहेरच्या अंगाला आदळतं, आतल्या अंगाला निवांत होतं. बाहेरचा काठ धोंडप्पाचा. तो दरवर्षी थोडा कातरला जातो. आतला काठ दाक्षायणीचा. तिथं पाणी दमानं चालतं आणि अंगावरची वाळू, गाळ ठेवून जातं. म्हणजे ओढा एकाचं खातो आणि दुसऱ्याच्या पदरात टाकतो. यावरून गावात कुजबुज होणारच, आणि धोंडप्पा ती कमी पडू देत नसे.

ती वाळू म्हणजे अक्काचा जीव. ऐन चैतात तिथं हातभर उकरलं की झिरा लागतो. आधी ओल दिसते, मग तळाला चमचाभर पाणी, आणि पान खाऊन होईतो कळशी बुडेल इतकं. दोन उन्हाळ्यांमागं टँकर चार-चार दिवस यायचा नाही, तेव्हा अख्खी वस्ती त्या झिऱ्यावर वाटी-कळशी घेऊन रांगेत बसली होती. धोंडप्पाची सूनही. घरी त्या पाण्याचा चहा झाला आणि धोंडप्पा म्हणाला, आज चहाला चव आहे. सुनेनं पाणी कुठलं ते सांगितलं नाही. पण गावाला सांगितलं.

दगडांची गोष्ट याच वाळूतली. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं कुणी घरात जेवत नाही. उभ्या ज्वारीत कडब्याची खोप करायची, पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, भज्जी-उंडे खायचे, आणि मडक्यातली आंबिल रानाच्या कडेकडेनं शिंपत फिरायचं. याला चरगा म्हणतात. लग्नानंतरच्या पहिल्या येळवशीला सासरा आजारी आणि नवरा सोलापूरला गिरणीत पाळीवर, म्हणून मडकं नव्या सुनेच्या हातात आलं. सासूनं बजावलं, ओढ्याच्या पाण्यापर्यंत शिंपायचं, एक पाऊल अलीकडं नाही की पलीकडं नाही. ती शिंपून आली. पुढच्या वर्षी पुन्हा गेली, तेव्हा ती गेल्या सालापेक्षा पुढं गेलेली सासूनं लांबून पाहिली आणि ठरवलं, गेल्या साली सून कामचुकारपणा करून अलीकडूनच फिरली असणार. सून म्हणाली, मी दोन्ही वेळा पाण्यापर्यंत गेले, पाणीच सरकलंय. सासू हसली, जावा हसल्या, आणि पाणी चालत जातं म्हणणारी सून म्हणून वर्षभर तिची थट्टा झाली.

मग तिनं पांडवांचा उरलेला चुना घेतला, एका दगडाला फासला आणि पाण्याच्या कडेला गाडला. पुढच्या साली दगड होता तिथंच होता, आणि पाणी टीचभर पलीकडं. सासूला हाताला धरून तिथं नेऊन उभी केली. मडकं त्यानंतर कायम सुनेकडंच राहिलं. दरसाल एक दगड. सासू गेली, नवराही गेला, मुलगा संगमेश सोलापुरात सात रस्ता चौकात मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून बसला, तरी दगड चुकला नाही. जुने दगड गाळात मानेपर्यंत रुतले, नवे उघडे. गेली तीन वर्षं मात्र ती येळवशीहून आली की एकच तक्रार करायची: आंबिल पुरत नाही. पाण्याशी पोचायच्या आतच मडकं रिकामं होतं. लोक म्हणाले, वय झालं, हात सैल झाला. तिनं तेही जपून ठेवलं.

त्याच तीन वर्षांपूर्वी धोंडप्पाच्या समितीनं वरच्या अंगाला अर्धा मैल ओढा सरळ करून घेतला होता. मशिन आलं, नारळ फुटला, धोंडप्पाचा हसरा फोटो असलेली पाटी लागली. यंदा उन्हाळ्यात दुसरा टप्पा निघाला. अक्काच्या वाळूतून सरळ चर मारायचा, जुनं वळण बुजवून टाकायचं. म्हणजे धोंडप्पाचा काठ वाचला, आणि झिरा गेला. पण जमीन अक्काची, म्हणून संमतीपत्रावर तिची सही हवी होती.

धोंडप्पा स्वतः गेला नाही. त्यानं संगमेशला फोन केला. गावाचं काम अडलंय, तुझ्या आईला समजाव, वगैरे. संगमेश बिचारा दुकान बंद करून मोटरसायकलवर आला, कागद खिशात. आई वाळूतच बसली होती, झिऱ्यापाशी.

"अव्वा, सही कर की. लोक मला सोलापुरात गाठून म्हणतेत, तुझी आई ओढ्याला आडवी झोपलीय."

"झोपले न्हाय, बसलेय. झोपायचं कुटं ते तुमी ठरवा, मी गेल्यावर."

त्यानं समजावून पाहिलं. पाणी सरळ गेलं तर पूर चढणार नाही, रान कातरणार नाही, असं समितीत सांगितलं होतं तेच त्यानं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं, कळशी भरू दिली, मग म्हणाली,

"पानी काय एकदाच येतंय व्हय रे? हितनं नदीला जातंय, नदीतनं भीमेला, तितनं वाफ हून वर, आनि फिरून आपल्याच माळावर. दरसाली येनारा पावना हाय त्यो. आला की जरा टेकू द्यावं. तुमी त्याला म्होरल्या दारानं घेऊन मागल्या दारानं ढकलताय, आनि चैतात घसा सुकला की त्याच्याच नावानं वरडताय."

संगमेशनं कागद परत खिशात घातला. पण दुकान बंद ठेवून तो रात्री तिथंच राहिला, हे तिच्या लक्षात आलं.

आठ दिवसांनी पाहणीला जलसंधारणाच्या ऑफिसातून मॅडम आल्या. दानेश्वरी नाव, पोरसवदा, मूळच्या मंगळवेढ्याच्या. अक्कानं ज्वारीचं यंदा कसं काय आणि लग्न कधी, दोन्ही एका दमात विचारून घेतलं. मागं धोंडप्पा, समितीची चार माणसं, आणि तमाशा बघायला आलेलं निम्मं गाव. संगमेशही होता. मशिन बांधावर उभंच होतं. सही झाली की उतरायचं.

धोंडप्पानं त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता आणि बोलणं पाठ करून आणलं होतं. तो मॅडमना थेट दगडांपाशी घेऊन गेला.

"मॅडम, चोर कदी चोरीची यादी ठेवतो का? ही बाई ठेवते. बेचाळीस दगड हायेत, मोजा. पैला दगड ते आजचं पानी, मदली सगळी माती माजी. हिनं सोताच्या हातानं लिवून ठेवलंय."

लोक हसले. अक्का बांधावर बसून पानाला चुना लावत राहिली. एवढी गप्प की जुन्या माणसांना काळजी वाटली.

मॅडमनी टेप मागवला. एक टोक त्यांनी धरलं, दुसरं संगमेशनं. पहिल्यापासून निघाले. टीचभर, टाचभर, कुठं हातभर. बिनपावसाच्या वर्षी दोन दगड एकमेकांना चिकटलेले, पुराच्या वर्षी जरा फटकून. ओढा आपल्या चालीनं चाललेला, बाई त्याच्या मागं. एकोणचाळीस दगड झाले तरी पहिल्यापासून अंतर जेमतेम पंधरा पावलं भरलं. धोंडप्पा मोठ्यानं आकडा सांगत होता, लोकांना ऐकू जावा म्हणून.

चाळिसाव्या दगडाशी संगमेशला टेप ओढत चालावं लागलं. सहा पावलं. एकेचाळिसाव्याला पाच, त्या साली तर पाऊस नावापुरताच झाला होता. बेचाळिसाव्याला सात. धोंडप्पानं आकडा सांगणं कधी बंद केलं, ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

मॅडम मागं वळून दगडांकडं बघत राहिल्या. मग त्यांनी विचारलं, शेवटच्या तीन वर्षांत असं काय झालं?

"मला इचारू नगा," अक्का म्हणाली, "पावन्यास्नी इचारा."

विचारायची गरज पडली नाही. माणसांच्या माना एकेक करून वर वळल्या, सरळ केलेल्या ओढ्याकडं, तिथल्या पाटीकडं. पाटीवरचा धोंडप्पा हसत होता. खालचा हसत नव्हता.

मॅडमनी मग सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. वळणं असली की पाण्याचा वेग मोडतो. सरळ केलं की ते धावत सुटतं आणि जे पहिलं वळण भेटेल त्यावर सगळा जोर काढतं. अक्कानं हे ऐकून पान तोंडात टाकलं.

"मला आंबिल पुरंना तवाच कळलं. तुमाला टेपनं कळलं. आता हितं कापा, म्हंजे म्होरल्या वळनावर जोर निगंल. तितं गावची पिन्याची हीर हाय. मग पाटी कुटं लावायची तेवडं ठरवून ठेवा."

धोंडप्पाचा आवाज एकदम उतरला. "मग माजं रान जाऊ द्यू व्हय?"

हे त्यानं मनापासून विचारलं होतं, आणि तिनंही थट्टा केली नाही. काठाला निरगुडी लावा, करंज लावा, वाळ्याचे ठोंब मी देते, मुळं माती धरतात, असं सांगितलं. वर सरळ केलंय तिथं दगडांचे आडवे बांध घाला, पाण्याला परत वाकडं चालायला लावा, अध्यक्ष तुम्हीच आहात. मॅडमनी मान डोलावली. पण निम्म्या गावादेखत धोंडप्पाला ते कसं गिळवणार?

"आता बाईमानसाचं ऐकून समितीनं काम करायचं?"

"मग वड्याचं ऐका. त्यो तर बाईमानूस न्हाय."

सही झाली नाही. मशिन दुपारीच सोलापूरच्या रस्त्याला लागलं. समितीतल्या दोघांनी त्यानंतर अक्काशी बोलणं टाकलं, एकानं बारशाचं आमंत्रण दिलं नाही. तिनं तेही जपून ठेवलं. प्रस्ताव रद्द झाला असं मात्र कुणी समजू नये. फाइल अजून कुठल्यातरी टेबलावर आहे, आणि पावसाळा संपल्यावर संमतीपत्राचा नवा कागद पुन्हा अक्काच्या दारात आला. यावेळी संगमेशनं तो आईला दिला, पण पेन दिलं नाही.

यंदाच्या येळवशीला अक्कानं आंबिलीची दोन मडकी केली. एक आपल्या डोक्यावर, दुसरं संगमेशच्या. शिंपत शिंपत ती पाण्याशी पोचली. समोरच्या काठावर कातरलेल्या मातीत निरगुडीच्या काड्या ओळीनं खोचलेल्या होत्या, मधे मधे वाळ्याचे ठोंब. तिनं दिलेले नव्हेत. धोंडप्पाच्या सुनेनं तिच्याच बांधावरून भरदुपारी उपटून नेले होते, आणि अक्कानं ते पाठमोरं बसून पाहिलं होतं, असं दोन्हीकडची माणसं सांगतात.

धोंडप्पाही तिथंच होता, डोक्याला टॉवेल गुंडाळून. त्याच्या हातात चुना लावलेला दगड होता. इकडंतिकडं बघून त्यानं तो पाण्यापासून चांगला दोन हात मागं, काठावर ठेवला.

"पावनं," अक्कानं हाक दिली, "पानी तितं न्हाय, हितं हाय. दगड पानी असंल तितं ठेवायचा, असावं वाटतंय तितं न्हाय."

धोंडप्पानं डोक्याचा टॉवेल सारखा केला. मग दगड उचलला, खाली उतरला आणि तो पाण्याला लावून ठेवला. तिच्याकडं न बघता.

संगमेशनं टेप टाकला. अडीच पावलं. गेल्या सालापेक्षा कमी, पण टाचभर नाही. अक्कानं त्रेचाळिसावा दगड गाडला, वरून पायानं दाबला. चुन्याच्या डब्याचं झाकण खोपीत राहिलं होतं. तिनं चंचीतून संमतीपत्र काढलं, चौपदरी घडी केली, डब्यावर बसवली आणि दोऱ्यानं घट्ट बांधून टाकली. पुढच्या येळवशीपर्यंत चुना वाळायला नको.