मिठाचा हात

अकोल्यात आमच्या गल्लीत कुरडईच्या चिकात मीठ टाकायचा मान वच्छलावहिनींचा. उन्हाळ्यात आज एकीचं अंगण, उद्या दुसरीचं. पण आधणाला उकळी फुटली की सगळ्या बाया वहिनींच्या मुठीकडे बघायच्या. चमचा नाही, माप नाही. मी प्रसादातही खोट काढणारी बाई, पण त्यांच्या हातचा चीक कधी चाखून बघितला नाही.

गेल्या वैशाखात माझ्याच अंगणात त्यांनी मीठ टाकलं, पदराला हात पुसला, सुनेशी दोन शब्द बोलल्या आणि परत मूठ भरून टाकलं. आम्ही गप्पांत रंगलेल्या. वाटीत गरम चीक घेऊन बसलेल्या पोरांनी थू थू केलं तेव्हा कळलं. बाया हसल्या. "वैनी, कोणाच्या प्रेमात पडल्या का?" मीही हसले. वहिनींचा चेहरा मात्र पांढराफटक पडला होता.

त्यानंतर त्या कोणाच्याच अंगणात गेल्या नाहीत. पन्नाशीला टेकलेली, अख्ख्या गल्लीला दटावणारी ही बाई बोलता बोलता अडायला लागली. पळी हातात असायची आणि 'पळी' हा शब्द सापडायचा नाही. सून आकांक्षा समोर उभी आणि तिचंच नाव गेलेलं. अंगातून वाफा निघायच्या, झोप उडायची. एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात आल्या, आतून कडी लावली आणि म्हणाल्या, "रागिणी, माह्या मायचं माह्यावर येऊन राहिलं."

मग सगळं सांगितलं. त्यांची आई केशरबाई याच वयात चुलीवर भाजी विसरायची, लेकरांची नावं चुकवायची. घरच्यांनी बाहेरची बाधा ठरवली. कुठल्याशा बाबाकडे नेऊन मिरच्यांचा धूर दिला. वडिलांनी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून बजावलं, हिनं आता चुलीला हात लावायचा नाही. सोळा वर्षांच्या वच्छलेच्या हाती पळी आली आणि माय ओसरीवर डाळ निवडायला बसली, ती अजून तिथंच आहे.

"तो धूर मले आताही नाकात येते," वहिनी म्हणाल्या. "ह्यायनं मलेही तिथं नेलं तं?"

मला राग आला. कधीच वारलेल्या त्या बापाचाही आला. दुसऱ्याच दिवशी त्यांना अमरावतीला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. बाईंनी पाळीचं विचारलं, झोपेचं विचारलं, चार शब्द सांगून थोड्या वेळानं ते परत म्हणून घेतले, रक्त तपासायला दिलं. दुसऱ्या खेपेला रिपोर्ट बघून म्हणाल्या, "पाळी जायच्या काळात पुष्कळ बायांना असं होतं. शब्द अडतात, विसरायला होतं. हे वेड नाही, आणि बाधा तर नाहीच. झोपेवर, त्या वाफांवर औषध आहे. बहुतेकींना पुढे बरं वाटतं."

मला वाटलं, वहिनी आता सुटल्यासारख्या रडतील. त्या बाहेर आल्या, पायरीवर थांबल्या आणि म्हणाल्या, "मंग मायले काय झालं होतं?"

आम्ही अकोल्याची बस सोडली आणि त्यांच्या माहेरची धरली.

केशरबाई ओसरीवर सूप घेऊन तुरीची डाळ निवडत होत्या. वहिनी त्यांच्या पायाशी बसल्या. "माय, तुले बाहेरचं काही नव्हतं. ह्या वयात बायांले होते तसं. डॉक्टरीणबाईनं सांगतलं."

म्हातारीनं सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मंग मले चुलीपासून काहून उठवलं?"

वहिनींनी तिचा हात धरून आत नेलं. चुलीवर वरण उकळत होतं. भावजय बाजूला सरकली, वहिनींनी मिठाचा डबा पुढे केला. केशरबाईंनी चिमूट भरली, हात वरणावर नेला आणि तिथंच थांबल्या. मान वळवून त्यांनी दाराकडे बघितलं. दारात कोणीच नव्हतं.

"टाकू का?" त्यांनी तिकडे बघतच विचारलं.