कांदेनवमीचे चीज-कांदे

परवा एकादशी. मग चातुर्मासभर आमच्या घरात कांदा बंद. म्हणून कांदेनवमीला मी कांदे पोखरून त्यांत चीज भरते आणि ओव्हनमध्ये भाजते. नीरज, माझा मुलगा, त्यासाठी दरवर्षी पुण्याहून यायचा. आज कांदे आत ठेवले आणि त्याचा फोन आला.

"आई, आज नाही गं जमत."

"अरे, मग चार महिने मिळायचे नाहीत!"

"आम्ही कुठे पाळतो आता? इथे रोजच कांदा असतो. तू उगाच करत बसू नकोस."

ओव्हनच्या काचेतून चीज फुगताना, तांबूस होताना दिसत होतं. जे बंद होणार असतं, त्याच्यासाठीच माणूस धावत येतो. आईसुद्धा चार महिने बंद ठेवायला हवी होती. मी बाराही महिने मिळते.