माऊसवरचा हात काढा

सुनंदाताईंची नि माझी पहिली भेट नवघरमधल्या त्यांच्या वेबसाईट बनवणाऱ्या छोट्या ऑफिसात झाली. नोकरी मागायला गेलो होतो आणि मोठमोठ्या बाता मारत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "छान. अहो, आता यातलं येतं काय ते सांगा." आजही त्या मला 'अहो'च म्हणतात.

ताई साठीच्या झाल्या. त्यांच्या कामाबद्दल या गौरव अंकात इतर लिहितीलच. मला एक दुपार सांगायची आहे.

रक्तदात्यांच्या एका मंडळासाठी ताईंनी हौसेने वेबसाईट केली होती. शहराच्या नकाशावर माऊस फिरवला की त्या भागातल्या दात्यांची नावं सरकत पुढे येत. एका दुपारी ऑफिसातली वीज गेली होती, आणि फोन वाजला. जुन्या भाईंदरचे एक कोळी गृहस्थ नया नगरच्या सायबर कॅफेतून बोलत होते.

"मॅडम, बायको बालंतपनाला हास्पिटलात हाय. रगत न्हाय मिलत. आन् तुमचा नकाशा अडकलाय."

आमचे कॉम्प्युटर बंद. नावं वाचून दाखवायची सोय नाही. ताईंनी विचारलं, "तुम्ही माऊस हलवताय का?"

"हलवतोय ना, कवापासून."

"माऊसवरचा हात काढा. थांबा."

"ती तिथं मरतेय, नि मी थांबू?"

"चूक माझी आहे, दादा. पण थांबा."

माऊस जरा हलला की नावं सरकवणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, पुन्हा चालत होतं. बिचारे जितका माऊस हलवत तितकी कामं रांगेत साठत, आणि ती उरकेपर्यंत पडदा गोठलेला. ताईंना हे फोनवरच उमगलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आवाज मात्र स्थिर होता. पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"आलं," ते म्हणाले. "नाव आलं." फोन बंद झाला.

वीज येताच ताईंनी कोड बदलला. फंक्शन एकदा चाललं की क्षणभर माऊसच्या पुढच्या हालचालींकडे दुर्लक्ष करायचं, इतकंच. कॅफेतला कॉम्प्युटरच जुना असेल, असं मी म्हटलं, तर त्या भडकल्या. "अहो, लोकांकडे जुनेच असणार. ते मी बघायला नको?"

संध्याकाळी बाई वाचल्याचा निरोप आला. ताई खुर्चीत बसल्या आणि हमसाहमशी रडल्या.

ताई, तुम्हाला निरोगी, भरभरून आयुष्य लाभो. त्या दिवशी जन्मलेली मुलगी आता आईशी कडाकडा भांडते, असं परवाच कळलं.