बिराच्या मेंढरांना घातलेल्या शेंगा

हे मी पोटच्या लेकीलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगते आहे — कोण जाणे.

रंगू माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा माझा पदर धरून फिरायचा. माझे मालक वारले तेव्हा ढसाढसा रडला — "वयनी, हिरीचा तुकडा तुमचाच हाय." आणि वाटणी झाली तेव्हा? विहीर त्याची, मुरमाड माळ माझा! ज्याला हाताने भरवलं त्यानेच दगा द्यावा? मी आतून जळत होते. खोटं कशाला बोलू?

लढाईचे, रेशनचे दिवस होते. श्रीगोंद्याच्या वाटेवर एका सरकारी बागेला विलायती बाभळीचं कुंपण होतं — आता तिला वेडी बाभूळ म्हणतात. शेंगा गोड. माझ्या शेळीने त्या खाल्ल्या, आणि लेंड्या पडल्या तिथे काटेरी रोपं उगवली. उपटताना हात सोलून निघाले. तेव्हाच माझ्या डोक्यात — पण आधी बिराचं सांगते.

बिरा धनगर आणि त्याची बायको गोदा दरसाल सुगीनंतर यायचे. लोक खतासाठी त्यांची मेंढरं रानात बसवून घ्यायचे, बदल्यात दाणे द्यायचे. त्या साली रंगूने विहिरीच्या तुकड्यात मेंढरं बसवायचं ठरवलं. आदल्या दिवशी मी गोदाला टोपल्या भरून शेंगा दिल्या. "लई उपकार झालं, वयनी," म्हणाली, आणि स्वतःच्या हाताने तिने त्या मेंढरांपुढे टाकल्या.

पावसाळ्यात रंगूच्या रानात काटे उगवले. मला आनंद झाला — हो, झाला! पण वेडी बाभूळ कुठे बांध मानते? तोडली की चौपट फुटायची. पुढच्या काही वर्षांत तिने ओढा धरला, गायरान गिळलं. गुरांना चरायला जागा उरेना, तेव्हा गावाने बिराला चावडीपुढे उभं केलं. तुझ्याच मेंढरांनी ही पीडा आणली म्हणाले.

गोदा माझ्याकडे वळली. "आमी मुद्दाम काय केलं न्हाई. ह्या वयनींना इचारा."

मी काय म्हणाले असेन?

"वाटंनं ह्यांची मेंढरं काय खात येत्यात, मला काय ठावं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला सगळं कळलं — तिथेच, त्या क्षणी. शेंगांची गोष्ट तिच्या ओठांवर आलेली मला दिसली. शेजारी रंगू उभा होता. एक शब्द पुरे होता. तो तिने उच्चारला नाही.

त्यानंतर त्यांना आमच्या शिवारात कुणी पाऊल ठेवू दिलं नाही. त्या दिवशी मेंढरं वेशीबाहेर गेलेली मी बघितली. मग घरी आले, भाकरी थापली आणि पोटभर जेवले.