पितळेवरचा धानाचा दाणा

सोमाजीभाऊंकडे कोणी गाडीचा मोडका भाग घेऊन गेलं, तर ते गाडीचं नाव विचारत नसत, सालही विचारत नसत. तुकडा हातात घेऊन पहिला प्रश्न एकच असे, "याले कोनता हात लागते?"

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या हातात दाराची काच खालीवर करण्याच्या मुठीचे तीन तुकडे होते. आमची मोटार वडिलांनी एका निवृत्त वनठेकेदाराकडून घेतलेली, चार दारांची, गोल पाठीची. ती बनवणारा कारखाना बंद पडून माझ्या वयाइतकी वर्षं झाली. वडील गेल्यावर ती भंगारात द्यावी असा सल्ला मला निदान दहा जणांनी दिला. मी नागपूरच्या जुन्या सामानाच्या दुकानांतून चौकशी केली, दोन वर्षं पत्रं लिहिली, फोन केले. मूठ मिळाली नाही. मूळ मुठी जस्ताच्या कसल्याशा मिश्रधातूच्या होत्या आणि वय झालं की तो धातू बिस्किटासारखा तुटतो. शेवटी चामोर्शीच्या आठवडी बाजारात बैलांच्या घंटा विकणाऱ्या एका बाईने सांगितलं, "माह्या बाले दाखवा. थो ओतून देईन." ती पार्बता, सोमाजीभाऊंची मुलगी.

कोणता हात लागतो, हे मला सांगता येईना. मी पाटबंधारे खात्यात मोजमापं घेणारा माणूस. मुठीची लांबी अठ्ठ्याण्णव मिलिमीटर आहे हे मी तोंडपाठ सांगितलं. ते म्हणाले, "थे मी पाहून राह्यलो. डोये मिटा अन् काच खाली करा." मी त्यांच्या अंगणात खाटेवर बसून डोळे मिटले आणि हवेत हात फिरवला. उजवा हात. अंगठा आतल्या बाजूने.

"हां," ते म्हणाले, "म्हनजे इथी तुमच्या बापाच्या अंगठ्यानं खाल्ली. एवढी भरून काढा लागन."

मला जे पुढे नीट कळलं ते असं. झिजलेल्या भागाची हुबेहूब नक्कल केली, तर नक्कलही झिजलेलीच निघते. सोमाजीभाऊ आधी तीस-चाळीस वर्षांत माणसांच्या हातांनी जे नेलं ते मेणाने परत भरत आणि मगच साचा घेत. त्यांचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या घंटा, समया आणि जंगलातल्या गावांच्या देवांचे घोडे ओतत आलेलं. पद्धत तीच. वस्तू आधी मधमाशीच्या मेणात घडवायची, तिच्यावर वारुळाची माती लिंपायची, तापवून मेण काढून टाकायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं. मग साचा फोडायचा. एका साच्यातून एकच वस्तू.

पितळ थंड होताना आकसतं. "पितळ आंग चोरते," ते म्हणत, "म्हनून त्याले आधीच थोडं जास्त द्या लागते." हे जास्त ते तेंदूच्या पानांनी मोजत. मूळ भागाला पानाचे तुकडे थराथराने चिकटवायचे आणि मग मातीत छाप घेऊन तिच्यात मेण भरायचं. आमच्या मुठीला जाडीसाठी एक थर आणि लांबीसाठी दोन्ही टोकांना चार-चार पानं. मी घरून बारीक मोजमापाचा व्हर्नियर नेला आणि पानाची जाडी मोजली. शून्य पूर्णांक बावीस मिलिमीटर. आठ पानांचे एक पूर्णांक शहात्तर. अठ्ठ्याण्णवला म्हणजे शंभराला एक पूर्णांक आठ. पुस्तकात पितळेसाठी जो आकडा आहे, त्याच्या हे इतकं जवळ होतं की मी त्याच दिवशी त्यांच्यासमोर गप्प बसायला शिकलो.

पण पूर्ण शिकलो नव्हतो. दुसऱ्या दाराची मूठ मुळातच हरवलेली होती. मी नकाशा काढला आणि सुताराकडून सागवानी नमुना करून घेतला. पितळ आकसणार हे आता मला माहीत होतं, म्हणून लांबीत तेवढी भर घालूनच. नमुना सोमाजीभाऊंना दिला आणि दौऱ्यावर निघून गेलो. त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे त्याला पानं चढवली. मूठ निघाली ती पावणेदोन मिलिमीटरने लांब. पहिलीच्या शेजारी ठेवली तर आंधळ्यालाही कळली असती.

मी ओशाळलो. ते खो-खो हसले. "पार्बता, पाह्य वं! सायेबाचं गनितबी बरोबर, माह्यं पानबी बरोबर. दोघानं एकमेकाले इचारलं नाई, बस तेवढंच चुकलं."

मी म्हटलं, चुकी माझी आहे, ही मूठ मी अशीच बसवतो, कोण बघतंय. त्यांचं हसू थांबलं. त्यांनी मूठ उचलली आणि भट्टीवर तापत असलेल्या मुशीत, म्हणजे धातू वितळवायच्या मातीच्या भांड्यात टाकली. आठ दिवसांची मेहनत माझ्या डोळ्यांदेखत बुडाली. "माह्या दाना असलेली वस्तू वाकडी फिरत नाई," ते म्हणाले.

हा दाणा म्हणजे त्यांची खूण. मातीचा लेप लावण्यापूर्वी ते मेणाच्या वस्तूवर धानाचा एक खरा दाणा दाबत आणि उचलून घेत. पितळेत त्याचा ठसा उमटे, टरफलावरच्या उभ्या रेघांसकट. त्यांच्या आजाच्या घंटांवर होता, बापाच्या समयांवर होता, यांच्या मोटारीच्या भागांवर होता. घंटेवर आतल्या बाजूला, मुठीवर खालच्या बाजूला.

नागपूरच्या शेटना त्यांच्याकडे मीच नेलं, हे मला लिहिलंच पाहिजे. जुन्या गाड्यांच्या एका मेळाव्यात मी आमची मोटार नेली होती. चारपैकी तीन दारांना नव्या मुठी होत्या. चौथी मूळची अजून तग धरून होती. शेट जुन्या गाड्या दुरुस्त करून हौशी लोकांना विकत. त्यांनी माझ्या मुठी फिरवून पाहिल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात ते चामोर्शीला हजर झाले. दार उघडायच्या कड्या, दिव्यांच्या कडा, बॉनेटवरच्या शोभेच्या वस्तू. दोन वर्षं सोमाजीभाऊंची भट्टी थंड झाली नाही. शेतात ट्रॅक्टर आल्यापासून घंटा कोणी घेत नव्हतं. पार्बता नवरा गेल्यावर माहेरी राहून मेणकाम करत होती. दोघांचं घर शेटच्या कामावर चालू लागलं.

पहिला खटका अक्षरांवरून उडाला. मूळ कड्यांवर कंपनीचं नाव होतं, ते उमटवा असं शेटचं म्हणणं. सोमाजीभाऊंनी ती जागा गुळगुळीत सोडली. "त्याचं नाव मी काऊन लिहू? थो आलता का इथी भट्टी फुकाले?" शेट हसले आणि तेवढ्यावर भागलं.

मग एक कडी परत आली. तिच्यावर नागपुरात चढवलेला चकचकीत मुलामा सुटला होता. सोमाजीभाऊंनी ती सवयीने उलटी केली, खालून अंगठा फिरवला आणि थांबले. पुन्हा फिरवला. मग कडी माझ्या हातात दिली. दाणा कानशीने घासून काढला होता. मी मोजलं, त्या जागी तीन दशांश मिलिमीटर धातू कमी होता. शेट आमच्या वस्तू मूळ कारखान्याच्या म्हणून विकत होते.

"बा, आता काय करतं?" पार्बताने विचारलं.

"आता समोर देतो," ते म्हणाले.

पुढच्या सहा कड्यांवर दाणा वरच्या बाजूला आला, बरोबर अंगठा टेकतो तिथे. तिथून घासला तर खळगा पडून कडीचा घाटच बिघडेल. त्यांनी हे लपवलं नाही. माझ्याकडून शेटना फोन करवला आणि सांगायला लावलं की दाणा समोर आहे, पाहून घ्या.

फोन ठेवल्यावर मी मध्यस्थी केली. आज तिची लाज वाटते. मी म्हटलं, "सोमाजीभाऊ, दाणा आत, दांडा बसतो त्या भोकात दाबा ना. कोणाला दिसणार नाही, घासताही येणार नाही. तुमचं मन राहील, काम राहील."

ते माझ्याकडे वळले. "सायेब, तुमी बांध मोजता. मोजून झालं का सही कुठी करता?"

"आकड्याखाली."

"कागदाच्या मांगं काऊन नाई करत? थे तं कोनाले दिसनार नाई."



शेट आले ते ओतकामाच्या दिवशी. आगाऊ त्यांच्याकडून काही घेतलेलं नव्हतं, पितळ सोमाजीभाऊंचं होतं, म्हणून कोणाचं देणं-घेणं मध्ये नव्हतं. सहा कड्या खाटेवर मांडलेल्या होत्या. शेटनी एक उचलली आणि तोंडभर कौतुक केलं. मग अंगठ्याखाली दाणा लागला.

"सोमाजी, ये क्या है? मेळाव्यात परीक्षक भिंग घेऊन बघतात. असली माल पाहिजे लोकांना."

"हाये ना असली. मीच केली."

"अरे बाबा, जुनी असली."

"जुनी पायजे तं जुनीच आना. असन तुमच्याजवळ तं मले काऊन सांगता?"

शेटचा आवाज चढला. "दाणा काढून दे. नाहीतर हे शेवटचं काम समज. चामोर्शीत दुसरं कोण विचारतं तुला?"

पार्बता भट्टीचा पंखा फिरवत होती. तिचा हात थांबला. सोमाजीभाऊ उठले. त्यांनी एक कडी चिमट्यात धरली आणि तापलेल्या मुशीत सोडली. मग दुसरी. शेट म्हणाले, "अरे, पागल झाला का?" तिसरी. मी उठलो आणि पुन्हा बसलो. चौथी, पाचवी. सहावी त्यांनी शेटच्या हातातून काढून घेतली. जबरदस्ती नव्हती. त्यांनी हात पुढे केला आणि शेटनी दिली.

"दाना काढून पायजे होता ना? निघाला," ते म्हणाले. "बाई, पंखा फिरव."

त्या पितळेच्या त्यांनी त्याच दिवशी पडून असलेल्या साच्यांत घंटा ओतल्या. घंटांना गिऱ्हाईक नव्हतं.

त्यानंतरचं दीड वर्ष अवघड गेलं. दोघं धानाच्या रोवणीला आणि कापणीला मजुरीने जात. मी ओळखीच्या गाडीवाल्यांना सांगून पाहिलं. दोन-चार कामं आली. बहुतेक जण दाणा पाहून विचारत, हा काढता येईल का. सोमाजीभाऊ त्यांना चहा पाजून परत पाठवत. मी एकदा विचारलं, पस्तावा होतो का. "सायेब, उपाशी हाओ का मी? दोन वेळ जेवतो. रोवनीत मजुरी करतो थे माह्या नावावर करतो."

आमच्या मोटारीची चौथी मूळ मूठ गेल्या दिवाळीनंतर तुटली. तुकडे त्यांच्याकडे नेऊन दिले तेव्हा ते खोकत होते. हाताला कंप होता. तरी विचारलंच, "कोनता हात?" मागच्या डाव्या दाराची मूठ, म्हणून मी डोळे मिटून डावा हात फिरवला. "इथी तुमची आई बसत होती," ते म्हणाले. ते खरं होतं. मी कधी सांगितलं नव्हतं.

तीन आठवड्यांनी ते गेले. तेरवी झाल्यावर पार्बताचा निरोप आला, "भाऊ, तुमच्या मुठीचा साचा तसाच पडून हाये. ओतला मी, फोडला नाई. या."

मी गेलो. तिने साचा मांडीजवळ घेऊन हातोडीने टिचकवला. माती गळाली. मूठ काळपट होती. तिने कडा कानशीने काढल्या, राखेने घासली आणि माझ्या हातात दिली. मी व्हर्नियर लावला. अठ्ठ्याण्णव. दाणा वर होता, अंगठ्यापाशी. पण सोमाजीभाऊंच्या दाण्याचं टोक नेहमी दांड्याकडे असे आणि याचं उलट होतं.

"हा माह्या हाये," पार्बता म्हणाली. "बाचा हात थरथरत होता. मले म्हने, मेन तू केलं तं माह्या दाना काऊन दाबतं? तुह्या दाब."

तिथेच बसलो होतो, तेवढ्यात अंगणाबाहेर गाडी थांबली. नागपूरचे शेट. बातमी उशिरा कळली म्हणाले. खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी पिशवीतून रुमालात बांधलेली एक तुटकी कडी काढली. मधल्या काळात दोन ठिकाणी कड्या करून घेतल्या, म्हणाले, एकही धड बसली नाही. मग अडखळत विचारलं, "बाई, तो दाणा..."

पार्बता भट्टीकडे बोट दाखवून म्हणाली, "शेट, मूस तापून हाये."

शेटनी मुशीकडे पाहिलं. मग रुमाल तिच्यापुढे ठेवला. तिने तुकडा उचलला, उलटापालटा केला, अंगठा फिरवला.

"याले कोनता हात लागते?" तिने विचारलं.

शेटना सांगता येईना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून दाखवले. मग ते खाटेवर नीट बसले, डोळे मिटले आणि हवेत दार उघडू लागले.