आबांचे खिसे

साउथहॅम्प्टनच्या खाडीवर इंधनाचा एक लहानसा धक्का होता. शशिधर तिथला शिफ्टप्रमुख. किनाऱ्यावरच्या बंदरांना तेल पोचवणाऱ्या बार्जमध्ये, म्हणजे सपाट बोटींत, पेट्रोल-डिझेल भरून द्यायचं हे त्याचं काम. एरवी माणूस थट्टेखोर, पण फाटकाच्या आत पाऊल टाकलं की वेगळाच. लायटर, मोबाइल, सगळं फाटकावरच्या पेटीत. लंडनहून आलेल्या मोठ्या साहेबांनाही त्याने खिसे उलटे करायला लावले होते. बायकोला, सुलक्षणाला, तो सांगायचा, "भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी वाईट गं. तेल नसतं तिथे वाफ असते, आणि वाफेला एक ठिणगी पुरते."

२००३च्या उन्हाळ्यात तिचे वडील नागपूरहून आले. "जावई काय करतात ते बघू तरी!" शशिधरने रीतसर परवानगी काढली. फाटकावर आबांना हेल्मेट दिलं, बूट दिले. "आबा, खिसे..." एवढं ओठांवर आलं आणि तिथेच राहिलं. लग्नात ज्यांनी आपले पाय धुतले, त्यांची झडती घ्यायची? शिवाय आबांनी सिगरेट सोडल्याचं सुलक्षणा कौतुकाने सांगत होती. विचारलं तर त्यांना खोटं पाडल्यासारखं झालं असतं.

धक्क्यावर बार्ज भरत होता. आबा कठड्याला टेकले. "वा, शशिधरराव! काय वारा आहे!"

शशिधर वळला तेव्हा सिगरेट त्यांच्या ओठांत होती आणि लायटर हातात. त्याने मनगट धरून पिरगाळलं, दुसऱ्या हाताने स्टॉपचं बटण दाबलं. पंप थांबला.

"काय झालं रे, शॅश?" बार्जवरून हाक आली. कोणी पाहिलं नव्हतं.

"पंप बिघडला म्हणा," आबा पुटपुटले.

शशिधरने बार्जवाल्याला खरं तेच सांगितलं. मग मॅनेजरला.

"का विचारलं नाहीस त्यांना?" मॅनेजरने विचारलं.

"ते माझ्या बायकोचे वडील आहेत."

"मग?"

पुढचं त्याला इंग्रजीत सांगता येईना. मराठीत तरी कुठे येत होतं? संध्याकाळपर्यंत प्रमुखपद गेलं. आता दुसऱ्याच्या हाताखाली पाइप ओढायचे.

"आज सासरे-जावई गप्पसे?" सुलक्षणा पोळी वाढत म्हणाली. "भांडलात की काय?"

"माझी शिफ्ट काढून घेतली," शशिधर म्हणाला.

"अगंबाई! का?"

"एकाचे खिसे तपासायचे राहिले. त्याने आत लायटर काढला."

"लायटर? तिथे?" तिचा हात तसाच राहिला. "कोण हो हा शहाणा? अख्खा धक्का उडवला असता मेल्याने! लाज नाही वाटली त्याला?"

शशिधरने ताटातला भात नुसता कालवला. आबांनी लाल झालेलं मनगट हळूच टेबलाखाली घेतलं.

"बोला की! कोण होता?"