रामटेके मॅडमचा शेवटचा पोर्ट

उमरखेडच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये जाताना सगळेच चपला बाहेर काढत. मला मात्र कपडेही झटकावे लागत. एक्सचेंज सांभाळणाऱ्या रामटेके मॅडम दारातच म्हणायच्या, "शेठ, कापूस बाहेर." माझ्या सदऱ्याला, केसांना, मिशीलासुद्धा कापसाचे तंतू चिकटलेले असत आणि ते यंत्राच्या पंख्यात जातात, असं त्यांचं म्हणणं. हमाली करत व्यापारी झालेला माणूस मी. दारात कुणी अडवलं की माझं डोकं फिरायचं. तरी झटकायचो.

आत लोखंडी कपाटं होती. कपाटात कार्डं आणि कार्डावर पोर्ट, म्हणजे एकेका फोनची लाइन येऊन बसते ती जागा. कुठल्या पोर्टाला कुठला नंबर, त्यावरून बाहेरगावी बोलता येईल की नाही, हे मॅडम संगणकावर हुकूम लिहून ठरवायच्या. एकदा वीज पडून बाजारपेठेचं अख्खं कार्ड जळालं. आम्ही व्यापारी काचेबाहेर आरडाओरडा करत होतो. मॅडम मान वर न करता आमचा एकेक नंबर दुसऱ्या कार्डांच्या रिकाम्या पोर्टांवर बसवत गेल्या. मी चिडून दुकानात परतलो, तर फोन वाजत होता. पलीकडे त्याच. "शेठ, बोला काहीतरी, आवाज येते का पाहू द्या." येतो म्हणालो आणि रिसीव्हर ठेवला.

कापसाचे दिवस वाईट होते. सरकारी खरेदी केंद्रावर कापसाच्या गाड्या ताटकळायच्या, चुकारे म्हणजे मालाचे पैसे वेळेवर मिळत नसत, म्हणून लोक माझ्याकडे यायचे. मी कापूस विकायचो त्या आदिलाबादच्या बाजाराचा भाव रोज सकाळी मला फोनवर कळायचा, गाडीवाल्याला कळायचा नाही. माझा धंदा त्या फरकावरच उभा होता. तो वाढवायला मी दुसरी लाइन मागितली. पण पोर्ट एकच उरला होता, नवीन कार्ड हंगाम संपल्यावर येणार होतं, आणि त्याच पोर्टासाठी पैनगंगेकाठच्या एका गावाचा सार्वजनिक फोन अडून होता.

मी सगळे डाव टाकले. ते गाव महिन्यातून दोनदा बोलणार, मी दिवसभर बोलतो, खात्याचाच फायदा आहे, असं समजावलं. मग ओळखी सांगितल्या. मग आवाज चढवला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"शेठ, पोर्टाले माणूस दिसत नाही. अर्ज कोणाचा आधी आला, तेवढंच मले पाहा लागते."

माझ्यासमोरच त्यांनी हुकूम लिहिला आणि गावात फोन लावला. पलीकडे गलका होता. नमस्कार नाही की काही नाही, कुणीतरी सरळ सवाल टाकला. मॅडम माझ्याकडे वळल्या. "आदिलाबादचा भाव विचारून राह्यले. मले कुठं ठाऊक? तुमीच सांगा." आणि त्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला.

पाडलेला भाव माझ्या जिभेवर तयार होता. पण मॅडम माझ्याकडे बघतही नव्हत्या, पुढच्या कामाला लागल्या होत्या. मी खोटं बोलेन असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. असा धाक मला कुणाचाच वाटला नव्हता. सकाळी कळलेला भाव मी होता तसा सांगून टाकला.

पुढे त्यांची राजूरला बदली झाली. निरोपाला मी गेलो नाही. ती लाइन माझी होती, हे मी आजही म्हणतो.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी त्याच गावच्या गाड्या माझ्या फाटकाशी लागल्या. मी नेहमीसारखा भाव पाडायला लागलो. पहिल्या गाडीवरचा म्हातारा खाली उतरलाच नाही.

"काहून जी शेठ? काल फोनवर तुमचाच आवाज होता न?"

त्याच भावाने माप झालं. काट्यावर कापूस चढत होता आणि मी मनातल्या मनात मॅडमशी घासाघीस करत होतो. तिथेही त्या एका पैशानेही हलल्या नाहीत.